दांड्याचं मागचं टोक

दगड कसा उचलायचा हे मी एका उन्हाळ्यात चाळीस-पंचेचाळीस माणसांना शिकवलं. आता कुणाला सांगितलं तर तो हसेल. दगड उचलायला काय शिकायचं असतं? पण मी शिकवत होतो, आणि छाती पुढं काढून शिकवत होतो. मला ती खोडच होती. सातवीपर्यंत शाळा झाली होती, आवाज मोठा होता, आणि कुणाची चूक दिसली की मला दम निघत नसे. स्वतःची चूक मात्र मला कधी दिसतच नसे.

दुष्काळाचं लागोपाठ दुसरं वर्ष होतं. आमचं गाव केज तालुक्यातलं, माळावरचं. दर साली दिवाळी सरली की आम्ही नवरा-बायको मुकादमाच्या टोळीबरोबर ऊस तोडायला कारखान्यावर जात असू आणि चैत्र लागता लागता परत येत असू. त्या साली ऊस उभ्या उभ्या वाळून गेला होता. कारखान्यांची धुराडी संक्रांतीलाच थंड पडली आणि साऱ्या टोळ्या अर्ध्या हंगामात गावी येऊन बसल्या. विहिरी तळाला गेलेल्या, जनावरं छावणीत, आणि माणसं पारावर. युसूफवडगावच्या बाजाराला जायचं ते काही घ्यायला नाही, कुठं काम निघालंय का ते ऐकायला.

अशात आमच्या गावापासून कोसभरावर पाझर तलावाचा सांडवा बांधायचं काम निघालं. सांडवा म्हणजे तलाव भरून वाहू लागला की जादा पाणी जाण्यासाठी बाजूला बांधलेली दगडी भिंत. ओढ्यात चिमणीला प्यायला पाणी नव्हतं आणि आम्ही जादा पाण्याची सोय करायला निघालो होतो. काम एका मजूर सहकारी संस्थेला मिळालं होतं. पहिल्या दिवशी चेअरमन जीपमधून आले, आमच्या सह्या-अंगठे घेतले आणि म्हणाले, "आजपासून तुम्ही सगळे सभासद. संस्था तुमची आहे. इथं कुणी मालक नाही की कुणी नोकर नाही." टाळ्या वाजल्या. पहिली टाळी माझीच होती.

जीप गेली आणि हजेरीची वही मुकादमानं उघडली. हा आमचा ऊसतोडीचाच मुकादम, संस्थेनं त्यालाच इथं आणून बसवला होता. त्यानं सवयीनं मोजलं, "बावीस कोयते." ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. सांडव्यावर कोयता औषधालाही नव्हता, होत्या पहारी, घमेली आणि घण. पण मोजणी तीच राहिली. जोडीतलं एक माणूस आलं नाही तर दुसऱ्याचीही हजेरी लागत नसे. अर्ध्या कोयत्याला काम नाही, हा मुकादमाचा कायदा. सभासद तर आम्ही एकेकटे झालो होतो, मग हजेरी जोडीनं का, हे त्याला कुणी विचारलं नाही. मीही नाही, एवढा तोंडाळ असून.

देखरेखीला संस्थेनं एक तरुण साहेब नेमला होता. चष्मेवाला, किडकिडीत, पंचविशीचा. त्याचे वडील मोंढ्यात हमाल होते आणि पोती वाहून वाहून पन्नाशीच्या आत त्यांची कंबर गेली होती. ते आता अंथरुणावरून उठताना भिंत धरतात, असं त्यानं मला एकदा सांगितलं. त्यामुळं की काय, त्याला एकच ध्यास होता. भिंत कमी उठली तरी चालेल, पण इथून कुणी कंबर मोडून घरी जायचं नाही. असा साहेब मी आधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही.

त्यानं सिमेंटच्या रिकाम्या पिशवीच्या कागदावर कोळशानं दोन माणसं काढली. एक कमरेत वाकून दगड उचलणारा, त्याच्यावर फुली. दुसरा गुडघे दुमडून, पाठ सरळ ठेवून, दगड पोटाशी धरून उचलणारा, त्याच्यावर बरोबरची खूण. बायांनी पदर तोंडात कोंबले. एक म्हणाली, "साहेब, ह्यो गडी तर परसाकडं बसलाय." साहेब लाल झाला. मला त्याची दया आली आणि मी पुढं झालो. एक दगड निवडला, गुडघ्यात बसलो, पोटाशी धरला आणि उभा राहिलो. "हे बघा," मी ओरडलो, "कंबरंला काय बी झालं न्हाई!" साहेबाचे डोळे चमकले. त्या दिवसापासून मी त्याचा नमुना झालो. नवीन काही दाखवायचं असलं की मला बोलवायचं, आणि मी मिशीवर हात फिरवत जायचं.

त्यानं चांगल्या गोष्टी केल्या हे मी मान्य करतो. जमिनीवर दगड न टाकता मांडीएवढ्या उंचीचा मातीचा ओटा करून त्यावर रचायला लावले, म्हणजे तळातून उचलायला नको. उचलताना कमरेतून वळायचं नाही, पाय वळवायचे. मोठा दगड एकट्यानं न्यायचाच नाही, दोघांनी न्यायचा. आणि दोघांनी नेण्यासाठी त्यानं सुताराकडून एक वस्तू करून आणली. दोन लांब बांबू, मध्ये आडव्या फळ्या ठोकलेल्या, एकानं पुढून धरायचं आणि एकानं मागून.

सकाळी ती वस्तू ओट्याजवळ ठेवलेली पाहिली आणि बाया जागच्या जागी थांबल्या. कुणी पुढं होईना. खुद्द मुकादम तिला वळसा घालून गेला. साहेब विचारत राहिला, काय झालं, काय झालं. शेवटी मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, ही तिरडी हाय. असली चीज जित्या माणसानं रोज खांद्याला लावायची व्हय?" तो बिचारा बांबूंकडे बघतच राहिला. त्याला तोवर ते दिसलंच नव्हतं.

तोडगा मीच काढला. मी म्हणालो, "देवाची पालखी एका दांड्यावर असती. आपुनबी एकच दांडा घिऊ. मधी दोरीचा फास, फासात दगड, दोन टोकं दोन खांद्यावर." साहेबानं माझी पाठ थोपटली. मुकादमालाही पटलं. पालखी म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? बाभळीचे मजबूत दांडे आले, दोऱ्या आल्या. दोघांनी म्हणजे कोणी, हा प्रश्न निघालाच नाही. कोयता ठरलेला होता. पुढं कोण हाही प्रश्न निघाला नाही. उसाच्या फडात मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना बाप्या पुढं आणि बाई मागं, तसंच इथंही. बावीस बाप्ये पुढं झाले आणि बावीस बाया मागं.

माझी बायको माझ्या खांद्याला जेमतेम लागते. गावात आम्हाला उंट आणि शेळी म्हणत. ती कमी बोलते, आणि बोललीच तर एकदाच बोलते. पहिल्या दिवशी चढणीवर दगड नेताना ती म्हणाली, "अवं, दोरी मागं सरकतीया." मी मान न वळवता म्हणालो, "तू दांडा सरळ धरीना झालीस. सरळ धर." ती परत काही बोलली नाही. मला वाटलं, शिकली.

भिंत चढत गेली. दगड वर न्यायला मातीची चढण केली होती, तिच्यावर फळ्या टाकलेल्या. भिंत चढली की चढणही चढायची. आणि मला एक नवल वाटू लागलं. भिंत जसजशी उंच होत गेली, तसतसं मला ओझं हलकं वाटू लागलं. पहिल्या आठवड्यात खांदा दुखला होता, आता काहीच नाही. मी शीळ घालत चढायचो. मी साहेबाला सांगितलं, "साहेब, तुमच्या पद्धतीची सवय झाली की दगुड कापसावानी लागतोय." त्यानं ते वहीत लिहून घेतलं. मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता ते आठवलं की आजही मान खाली जाते.

घरी ती भाकरी थापताना एक पाय लांब सोडून बसू लागली. घागर डोक्यावरून उतरवताना भिंतीला टेकू लागली. मी विचारलं तर म्हणाली, "कंबर धरलीया जरा." झालं. मला आयताच विद्यार्थी सापडला. मी तिला अंगणात उभी केली, शेजारीपाजारी बघत असताना, आणि गुडघ्यात कसं वाकायचं ते तीनदा करून दाखवलं. "तू कंबरंत वाकतीस म्हणून दुखतंय," मी म्हणालो. "साऱ्या दुनियेला शिकीवतोय मी आन् माझ्याच घरात अंधार." ती गुडघ्यात वाकली. उठताना तिनं ओठ चावला होता, ते मी पाहिलं आणि मला वाटलं, रागावली. तिच्या डाव्या हाताच्या तळव्यावर आडवा काळा वण उमटला होता. तो विहिरीच्या दोरीचा असेल असं मी धरून चाललो. विहिरीला पाणी नव्हतं, टँकरनं येत होतं, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

वैशाखातला दिवस असावा. गवंड्यानं वर नेलेला एक मोठा दगड परत केला. त्याला मधून चीर होती. वरून ढकलून द्यावा तर खालचं ताजं बांधकाम हललं असतं. म्हणून तो तसाच फासात घालून खाली न्यायचा ठरला, आणि जवळ आम्हीच होतो. इतक्या दिवसांत आम्ही दगड वर नेले होते, खाली कधी आणला नव्हता. मी नेहमीप्रमाणं पुढं झालो.

चढणीला पाय लावला आणि दोन पावलांत दोरी दांड्यावरून घसरत आली, थेट माझ्या मानेमागं. दगड माझ्या पाठीवर आदळला. सगळा भार माझ्यावर आला. सगळा. मागं दांडा नुसता तरंगत होता. थांबायला जागा नव्हती. उतारावर दगड ठेवला तर तो फळीवरून सुटून खालच्या माणसांवर गेला असता. मागं वळता येत नव्हतं, खांदा बदलता येत नव्हता, बसता येत नव्हतं. एकेक फळी मोजत खाली जायचं, एवढंच उरलं होतं. वीसेक फळ्या असतील. मला कमरेत कुणीतरी सळई घालतंय असं वाटत होतं.

मागून आवाज आला, शांत, "गुडघ्यात वाका. कंबरंत न्हाई."

खाली आल्यावर मी दांडा टाकला आणि जमिनीवर बसलो. घाम डोळ्यांत जात होता. ती उभी होती, पदर सारखा करत. मी विचारलं, "रोज असंच?"

"चढताना," ती म्हणाली. "खाली येतानी दांडा मोकळाच असतुया की."

"मग बोललीस कावून न्हाई?"

"बोललते. पैल्याच दिशी. तुमी म्हनलाव, सरळ धर."

मग तिनं मला तळहात दाखवला. चढताना ती डाव्या हातानं ती दोरी पुढं रेटून धरायची, म्हणजे थोडातरी भार माझ्याकडे जाईल. एका खांद्यावर दांडा, एक हात पुढं ताणलेला, अंग पिळवटलेलं, अशी ती दीड महिना चढत होती. आणि वर पोचल्यावर मी वळायच्या आत दोरी मधोमध सरकवून ठेवायची, कारण मी पुन्हा तिलाच बोललो असतो. साऱ्याच बाया तसं करत होत्या. बायांना सगळं ठाऊक होतं. भिंत उंच झाली तसा मला दगड कापसासारखा का लागत होता, ते मला तिथं बसल्या बसल्या कळलं. मला माझीच किळस आली.

त्याच दुपारी मी गवंड्याकडून दोन मोठे खिळे मागून घेतले आणि दांड्याच्या बरोबर मध्ये, दोरीच्या दोन्ही बाजूंना ठोकले. दोरी सरकायची बंद झाली. निम्मं ओझं माझ्याकडे आलं आणि मला ते चढताना पहिल्यांदा जड लागलं. एवढ्यावर मी गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण गप्प बसेल तर मी कसला? साहेबानं खिळे पाहिले आणि विचारलं, हे काय. मी सगळं सांगितलं. सांगता सांगता मला पुन्हा शहाणपण सुचलं, आणि मी म्हणालो, "साहेब, खिळे तर हायेतच, पर खरं म्हंजी उंच माणूस मागं पायजे. चढणीवर दांडा समतल ऱ्हातोय मग. बाप्या मागं आन् बाई पुढं."

साहेबानं कपाळावर हात मारून घेतला. "माझ्या कसं लक्षात आलं नाही?" तो म्हणाला. "उद्या सगळ्यांसमोर दाखवा तुम्ही दोघं. मग सगळ्यांना तसंच लावू." मी म्हणालो, दाखवतो. तिला विचारलं नाही.

सकाळी कामावर जाताना तिला सांगितलं तर ती रस्त्यातच थांबली. "मला पुढं घालू नका," ती म्हणाली.

"का?"

"नगं. खिळे हायेत की आता. बास झालं तेवढं."

"अगं, तुझ्याच कंबरंसाठी करतोय मी."

"मी मागंच बरी हाय. लोकं बघतील."

"बघू दे की लोकांना! लोकांची लाज धरून मरायचंय का?" मी तडकलो. मला वाटलं, बाई नवऱ्याच्या पुढं कशी चालणार, ही तिची अडचण. मला तर मी फार सुधारक वाटत होतो. ती खाली बघत चालू लागली.

सगळे चढणीच्या पायथ्याशी गोळा झाले. साहेब वही घेऊन. मुकादम काखेत हजेरी घेऊन वर भिंतीशी उभा, जिथून तो रोज खेपा मोजायचा. फासात दगड बसवला, दांडा उचलला. ती पुढं, मी मागं. बाप्ये फिदीफिदी हसले. एक जण ओरडला, "उंटाला शेळीनं बांधलं बे!" मी मागून शिवी हासडली आणि चढायला लागलो.

आणि मग मला ती दिसली.

लग्नाला आठ वर्षं झाली होती. या आठ वर्षांत ती माझ्या मागंच चालली होती, फडात, रस्त्यावर, बाजारात. ओझं घेऊन माझी बायको कशी चालते हे मी कधी पाहिलंच नव्हतं. तिचा डावा पाय उचलतच नव्हता. ती तो फळीवरून ओढत नेत होती, मग बोटांनी जागा चाचपत टेकवत होती. डाव्या बाजूचं कंबरेचं हाड खाली गेलेलं, उजवा खांदा वर आलेला. उघडलेलं दार बिजागरीतून निखळून लोंबावं तशी ती वाकडी झाली होती. मला हाक मारून तिला थांबवावंसं वाटत होतं आणि थांबवता येत नव्हतं. दांडा खांद्यावर होता, खाली सगळे बघत होते, मध्येच ठेवायला जागा नव्हती. आम्ही वर जात राहिलो. प्रत्येक पावलाला मी मनात म्हणत होतो, मुकादम दुसरीकडं बघत असू दे.

तो दुसरीकडं बघत नव्हता. रोज वरून बघताना त्याला पुढं बाप्येच दिसत आणि बाया त्यांच्या आड जात, आज ती त्याच्या समोर होती. बाईची चाल ओळखण्यात त्याची उभी हयात गेली होती. कोणती गरोदर आहे, कुणाची कंबर जाणार आहे, हे तो फडाच्या बांधावर उभा राहून सांगत असे आणि पुढच्या साली तो कोयता टोळीत घेत नसे. आम्ही खाली आलो तेव्हा साहेब खुशीत होता. दांडा कसा समतल राहिला, हे तो सगळ्यांना सांगत होता. मुकादमानं खाली येऊन मला बाजूला घेतलं.

"तुझी बाई कामातून गेली हाय," तो म्हणाला. "उद्या हितंच बसली तर माझ्या गळ्याला येईल. घरी घिऊन जा तिला."

"मी हाय की. मी येतो एकटा."

"अर्धा कोयता घिऊन काय करू बे मी?"

"मी सभासद हाय संस्थेचा!"

"सभासद ऱ्हा की," तो शांतपणे म्हणाला. "कामावर येऊ नगंस."

मी साहेबाकडे गेलो. त्यानं सगळं ऐकलं आणि त्याचं तोंड उतरलं. तो मुकादमाशी भांडला, अगदी हमरीतुमरीवर आला. पण हजेरी मुकादमाची होती, आणि साहेब स्वतःच नवा होता. तो मला म्हणाला, "मी बैठकीत विषय मांडतो." त्यानं मांडलाही असेल. त्या दिवशी नवी पद्धत सगळ्यांना लावली, सगळ्या बाया पुढं घातल्या, आणि दुपारपर्यंत मुकादमानं आणखी दोन कोयते कमी केले. दोन्ही बाया लंगडत होत्या, आणि तोवर ते कुणाला दिसलं नव्हतं. त्यातली एक जाताना माझ्यासमोर थुंकली. मी मान वर केली नाही. दुसऱ्या दिवसापासून उरलेल्या बाया आपणहून परत मागं गेल्या, असं मला नंतर कळलं. खिळे मात्र सगळ्यांनी ठोकून घेतले.

आम्ही दोघं घरी निघालो. उन्हं डोक्यावर आली होती. पुढं काय हे दोघांनाही माहीत होतं. पंचक्रोशीत दुसरं काम नव्हतं, आणि असतं तरी तिथंही हाच मुकादम किंवा त्याचा भाऊबंद. तिला विश्रांती द्यावी तर कोयता मोडतो, कोयता टिकवावा तर ती मोडते. मी हे उलटसुलट करून बघत होतो आणि कुठूनही वाट निघत नव्हती. मी तिला म्हणालो, "मला सांगायचं तरी. पाय उचलत न्हाई म्हणून."

"सांगून?" ती म्हणाली. "तुमी साहेबाला सांगितलं असतं. मी मागं व्हते तवर झाकलं व्हतं. पाऊस पडूस्तवर तसंच निभलं असतं. तुमाला वाटलं, मला लोकांची लाज वाटती." तिच्या आवाजात राग होता, आणि तो तिनं लपवला नाही. "साऱ्या गावाला शिकीवलं तुमी. एकडाव मागं वळून बघितलं असतं तर बास व्हतं."

मी म्हणालो, "चुकलं माझं." हे शब्द मी तिला त्याआधी कधी म्हटले नव्हते आणि ते उच्चारताना मला ओशाळल्यासारखं झालं. तिला पाऊल टाकवेना झालं होतं.

रस्त्याच्या कडेला एक बाभळ होती, सावली नावापुरतीच. ती तिथं गेली, हातानं खडे बाजूला सारले आणि पालथी झोपली. "चप्पल काढा," ती म्हणाली, "आन् कंबर तुडवा माझी."

"अगं, मी केवढा. तुला झेपायचं न्हाई."

"जाऊबाई तुडवत्यात रोज. महिना झाला. आज त्या घरी न्हाईत, माह्यारी गेल्यात." म्हणजे घरात हेही सगळ्यांना ठाऊक होतं, माझ्याशिवाय.

मी चप्पल काढली. एका हातानं बाभळीचं खोड धरलं आणि डावा पाय तिच्या कमरेवर ठेवला. लुगड्याखाली मणक्याच्या एका बाजूचं मांस आवळून लाकडासारखं झालं होतं. मी हळूहळू दाबलं. तिनं लांब श्वास सोडला. दुसरा पाय मी जमिनीवरच ठेवला होता आणि माझा सगळा भार त्याच्यावर तोलून धरला होता. ते तिच्या लक्षात आलं.

"दुसराबी ठेवा," ती मातीत तोंड ठेवून म्हणाली. "भेता कशाला? तुमचं वजन मला नवं न्हाई."